कृष्णवर्णीय बाप, त्यांची कुटुंबं आणि फॅमिली थेरपी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य किंवा समुपदेशन शिकायला अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलामुलींचे मला मेल येतात. पहिलं सत्र संपतं, फील्डवर्क सुरू होतं, एखाद्या संध्याकाळी फॅमिली थेरपीसाठी, म्हणजे घरच्यांना एकत्र बसवून करायच्या समुपदेशनासाठी, समोर एक कृष्णवर्णीय कुटुंब येऊन बसतं आणि मग तेच ते प्रश्न. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवते. काही उत्तरं लांबली आहेत. ती तशीच ठेवली, कारण गडबड नेमकी तिथेच होते.

'कृष्णवर्णीय', 'ब्लॅक', 'आफ्रिकन-अमेरिकन': नक्की काय म्हणायचं?

मराठीत लिहिताना कृष्णवर्णीय. वर्तमानपत्रांनी तो शब्द रुळवला आहे. तिथे बोलताना ब्लॅक चालतं. आफ्रिकन-अमेरिकन म्हणताना जरा जपून: समोरचे आईबाप हैती, जमैका किंवा नायजेरियाहून आलेले असतील, तर ते स्वतःला तसं म्हणवतीलच असं नाही. सरळ विचारा, कुणी रागावत नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये ब्लॅकचा पहिला 'बी' मोठा लिहायचं ठरवलं, त्यावर बरीच चर्चा झाली. देवनागरीत मोठं-लहान अक्षरच नाही, तेव्हा तो वाद आपल्यापुरता आपोआप मिटला.

'सत्तर टक्के कृष्णवर्णीय मुलांना बापच नसतो' असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. सत्तरच्या आसपासचा तो आकडा जन्माच्या वेळी आईबापांचं लग्न झालेलं नव्हतं एवढंच सांगतो. अमेरिकेत आज सगळ्या वंशांची मुलं धरली तरी दहातली चार बाळं लग्नाबाहेर जन्मतात. लग्न नाही म्हणजे बाप नाही, ही उडी आकडा मारत नाही, आपण मारतो.

या जोडप्यांचं पुढे काय होतं, हे पाहायला प्रिन्स्टन आणि कोलंबिया विद्यापीठांच्या संशोधकांनी १९९८ ते २००० या काळात वीस मोठ्या शहरांत जन्मलेल्या जवळपास पाच हजार मुलांचा माग ठेवायला सुरुवात केली. सेरा मॅक्लॅनहन हे त्यातलं मोठं नाव. अविवाहित आईबापांपैकी निम्मे बाळ जन्मलं तेव्हा एकाच घरात राहत होते, आणि एकत्र न राहणाऱ्यांतही बऱ्याच जणांचं नातं चालू होतं. बहुतेक बाप दवाखान्यात बाळ बघायला आलेले होते. पाच वर्षांनी मात्र जेमतेम एक तृतीयांश जोडपी एकत्र उरली होती. म्हणजे बाप सुरुवातीपासून बेपत्ता नव्हता. मधल्या वर्षांत काहीतरी घडलं, आणि विचारायचं असेल तर त्या मधल्या वर्षांबद्दल विचारायला हवं.

घरात राहणारे कृष्णवर्णीय बाप मुलांचं काही करतात का?

हा प्रश्न माझ्याकडे अगदी याच शब्दांत आला होता, म्हणून तसाच ठेवला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य आकडेवारी केंद्राने २०१३ च्या डिसेंबरात एक अहवाल काढला. त्यातली माहिती २००६ ते २०१० मधली. पाच वर्षांखालच्या मुलाबरोबर एकाच घरात राहणाऱ्या बापांना विचारलं होतं, की आंघोळ, कपडे, डायपर, शी-शू यातलं रोज तुम्ही काही करता का. कृष्णवर्णीय बापांपैकी ७० टक्के हो म्हणाले, गोऱ्या बापांपैकी ६०, हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) बापांपैकी ४५. शाळकरी मुलाचा अभ्यास रोज घेणारे कृष्णवर्णीय बाप ४१ टक्के निघाले, गोरे २८. बापांनी स्वतःबद्दल स्वतःच सांगितलेली ही माहिती आहे, तेव्हा थोडी फुशारकी गृहीत धरा. पण फुशारकी सगळ्याच वंशांचे बाप मारतात. त्याच अहवालात हेही आहे, की वेगळं राहणारे बाप, कोणत्याही वंशाचे असोत, मुलाच्या रोजच्या व्यवहारात खूपच कमी असतात. ही बाजू झाकून ठेवू नका.

मग 'गैरहजर बाप' ही प्रतिमा आली कुठून?

आधी कायद्यातून. व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६६२ मध्ये ठरवून टाकलं, की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं. इथे बाप कागदावरून पुसला गेला. मळ्याच्या मालकापासून झालेलं मूलही त्याची मालमत्ताच झालं, आणि गुलाम बापाला तर मुलावर कसलाच हक्क उरला नाही. गुलामांच्या लग्नाला कायद्यात स्थान नव्हतं. बाप एका राज्यात विकला जाई, मुलं दुसऱ्या.

त्या माणसांनी काय केलं ते बघा. गुलामगिरी संपल्यावर फिलाडेल्फियाहून निघणाऱ्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'सारख्या चर्चच्या पत्रांत वर्षानुवर्षं छोट्या जाहिराती येत राहिल्या: माझा बाप अमुक मळ्यावर होता, तमुक साली विकला गेला, कुणाला ठावठिकाणा माहीत असल्यास कळवावे. लग्नं नोंदवायला जोडप्यांनी रांगा लावल्या. हर्बर्ट गटमन या इतिहासकाराने १९७६ मध्ये जुन्या नोंदी चाळून दाखवलं, की गुलामगिरीनंतरच्या दशकांत बहुतांश कृष्णवर्णीय घरांत आई आणि बाप दोघंही होते.

पण तोवर मोयनिहन अहवाल येऊन गेला होता. डॅनियल पॅट्रिक मोयनिहन हे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारच्या श्रम खात्यातले अधिकारी. मार्च १९६५ मधला त्यांचा अहवाल म्हणत होता, की पुरुषांची बेकारी कुटुंब मोडते आहे. मुद्दा नोकऱ्यांचा होता. लोकांच्या लक्षात राहिला तो 'विकृतीचा गुंता' या अर्थाचा एक शब्दप्रयोग, आणि त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळल्यावर तो प्रत्येक संपादकाच्या लेखणीवर बसला. तेव्हा कृष्णवर्णीयांत लग्नाबाहेरचे जन्म साधारण एक चतुर्थांश होते. दोष परिस्थितीचा की कुटुंबाचा, हा झगडा तिथून जो पेटला तो अजून विझलेला नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट हिल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उलट बाजूने मांडणी केली आणि या कुटुंबांची पाच बलस्थानं सांगितली: घट्ट नातेसंबंध, कामाची ओढ, घरातल्या भूमिका गरजेप्रमाणे बदलण्याची तयारी, शिकून वर येण्याची जिद्द आणि धर्मश्रद्धा.

इनटेक फॉर्मवर (पहिल्या भेटीत माहिती भरून घ्यायच्या कागदावर) 'घरात कोण कोण राहतं?' विचारलं की सगळे गप्प का होतात?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, माझ्या मते. उत्तर मानसशास्त्राच्या आधी सरकारी फायलींत सापडतं.

गरीब मुलांसाठीची सरकारी मदत अनेक राज्यांत एका अटीवर मिळे: घरात धडधाकट पुरुष नसावा. अट पाळली जाते का, हे बघायला अधिकारी पहाटे दारात. जानेवारी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अलामेडा परगण्यात अशी मोहीम निघाली. एक कर्मचारी पुढच्या दाराशी, दुसरा मागच्या. मग पलंगाखाली, कपाटात, न्हाणीघरात पुरुष शोधायचा. बेनी पॅरिश नावाच्या समाजकार्यकर्त्याने जायला नकार दिला, त्याची नोकरी गेली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला ही गोष्ट सक्तीची करावी असं मला नेहमी वाटतं.

अलाबामाने त्याहून कडी केली. तिथल्या १९६४ च्या नियमाप्रमाणे आईचे ज्या पुरुषाशी संबंध असतील तो मुलांचा 'पर्यायी बाप', मग तो त्यांचा कुणी लागत नसो, त्यांच्यासाठी एक डॉलर खर्च करत नसो. मदत बंद. जून १९६४ ते जानेवारी १९६७ या काळात त्या राज्यात मदत मिळणारी मुलं सोळा हजारांनी घटली. चार मुलांची आई असलेल्या श्रीमती स्मिथ हॉटेलात राबून आठवड्याला जेमतेम सोळा-वीस डॉलर मिळवत. त्यांचं प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६८ मध्ये तो नियम रद्द झाला.

आता तुमचा फॉर्म बघा. घरात कोण राहतं? रात्री कोण असतं? तुम्हाला कुटुंबाची रचना समजून घ्यायची आहे. समोर बसलेल्या आजीला तिच्या आईने शिकवलेलं आहे, की हा प्रश्न आला की पुरुषाचे बूट लपवायचे. रटगर्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बॉइड-फ्रँकलिन यांनी अशा अविश्वासाला निरोगी म्हटलं. तुमच्या सुपरवायझरने नोंदीत 'असहकार' असं लिहिलं, तर त्यांना हा इतिहास नम्रपणे सांगा.

मग विचारायचं तरी काय?

राहतं कोण, ते सोडा. करतं कोण, ते विचारा. शाळेतून फोन आला तर कोण जातं? केस कोण कापतं किंवा कापायला कोण नेतं? तापात रात्री कोण जागतं? बूट कुणी घेतले? मुलगा घाबरतो कुणाला, आणि घाबरला की पळतो कुणाकडे? या उत्तरांतून बाप बाहेर येतो. कधी तो चार गल्ल्या पलीकडे त्याच्या आईकडे राहत असतो. कधी बापाचं काम मामा, चर्चमधला डीकन (सेवेकरी) किंवा बास्केटबॉलचा कोच करत असतो.

मानवशास्त्रज्ञ कॅरल स्टॅक यांनी अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहून सत्तरच्या दशकात दाखवलं, की पैसे, फर्निचर, मुलांची देखभाल हे सगळं अनेक घरांत फिरत असतं. रक्ताचं नातं नसलेले नातेवाईक त्यात हक्काने असतात; 'प्ले कझन', 'प्ले ममा' हे शब्द कानावर येतील. मानलेला भाऊ, मानलेली बहीण आपल्याला नवी नाही, तेव्हा इथे मराठी विद्यार्थ्यांचं घोडं सहसा अडत नाही.

जेनोग्राम, म्हणजे नात्यांचा तक्ता, काढाल तेव्हा बापाच्या बाजूची रेघ रिकामी सोडू नका. बापाचा पत्ता नसला तरी बापाची आई, बहीण, भाऊ असतात, आणि अनेकदा मुलाचं तिथे येणं-जाणं असतं. मात्र कागद पहिल्या भेटीतच काढू नका. कोण कुणाचं मूल, कोणत्या आत्याने कुणाला वाढवलं, यात न सांगितलेल्या गोष्टी असतात. त्या उकरण्याची घाई तुम्हाला असते, कुटुंबाला नसते.

फॅमिली थेरपीने या कुटुंबांकडे कधी बघायला सुरुवात केली?

तसं बघितलं तर लवकर. मानसोपचारतज्ज्ञ साल्वाडोर मिनुचिन आणि सहकाऱ्यांनी न्यू यॉर्क राज्यातल्या विल्टविक या गुन्ह्यांत सापडलेल्या मुलग्यांच्या शाळेतल्या मुलांच्या कुटुंबांवर काम केलं आणि ते १९६७ मध्ये छापलं. मुलं गरीब वस्त्यांतली, बरीचशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन. घरातल्या नात्यांची रचना बघून ती बदलू पाहणारी स्ट्रक्चरल फॅमिली थेरपी तिथून आकाराला आली. म्हणजे आज जगभर शिकवली जाणारी एक पद्धत या कुटुंबांच्या बैठकखोलीत घडली, आणि त्या खोलीत बाप फारसा नव्हता. आई, आजी, धाकट्यांना सांभाळणारं थोरलं मूल यांच्यावर पानंच्या पानं आहेत; बाप मात्र नकाशाच्या कडेला. श्रेय द्यायचं तिथे द्यायला हवं: मिनुचिन पुढे फिलाडेल्फियाला गेले आणि तिथल्या केंद्राने पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना थेरपिस्ट म्हणून तयार केलं.

बापाला मध्यभागी आणायचं काम पुढे मुख्यतः कृष्णवर्णीय अभ्यासकांनी केलं. बॉइड-फ्रँकलिन यांची १९८९ मधली मांडणी अशी, की शाळा, कोर्ट, चर्च, कल्याण खातं यांना धरून काम केल्याशिवाय कुटुंबाचं काम होत नाही. त्यांचे पती अँडरसन फ्रँकलिन यांनी पुरुषांबद्दल लिहिलं: दुकानात पहारेकरी मागे मागे फिरतो तो रंग बघून, माणूस कुणालाच दिसत नाही, आणि दिवसभर हे साचवून पुरुष घरी येतो. घरच्यांना दिसतो फक्त त्याचा राग नाहीतर अबोला.

बाप सत्राला येतच नाही. कसं आणायचं?

त्याला बोलावलं होतं का? म्हणजे तुम्ही स्वतः, त्याच्या फोनवर? दहातल्या सात वेळा निरोप आईकरवी गेलेला असतो, आणि त्या दोघांचं आधीच बोलणं बंद असतं. (हा दहातला सात माझा अंदाज, संशोधन नव्हे.) बुधवारी दुपारी दोनची वेळ देऊन तासावर पगार घेणाऱ्या माणसाची वाट बघू नका. संध्याकाळ द्या, शनिवार द्या, घरी जा. पहिल्या भेटीत त्याच्या चुकांची यादी समोर येणार नाही, हे आईशी आधीच ठरवून घ्या. 'तुमच्या मुलाबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते मला ठाऊक नाही' एवढं एक वाक्य पुष्कळ काम करतं, कारण त्याला आजवर ऑफिसांतून बोलावणं आलं ते वसुलीसाठी.

आणि हाक. माझी पहिली घोडचूक इथली. सत्तरीच्या एका आजींना मी पहिल्याच मिनिटाला नावाने हाक मारली. ऑफिसात सगळे तसंच करत होते. आपल्याकडे त्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायची माझी छाती झाली नसती. आजी काही बोलल्या नाहीत, पुढच्या वेळी आल्याच नाहीत. वंशभेदाच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत गोरं शेंबडं पोरसुद्धा कृष्णवर्णीय म्हाताऱ्याला पहिल्या नावाने हाक मारी, आणि 'मिसेस' म्हणायचं टाळायला बाईला 'आंटी' म्हणत. म्हणून आदराने का होईना, पण तुमच्या तोंडात येणारं आपलं लाडकं 'आंटी' तिथे गिळा. मिस्टर, मिसेस आणि आडनाव. पुढचं त्यांनी सांगितलं तर.

चाइल्ड सपोर्ट (वेगळं राहणाऱ्या पालकाने मुलासाठी भरायचा हप्ता) थकवणारा बाप म्हणजे बेजबाबदार बाप ना?

काही असतात. त्यांना पाठीशी घालू नका. पण यंत्रणा कशी चालते हेही बघा. आईने सरकारी मदत घेतली असेल, तर बापाने भरलेला पैसा अनेक राज्यांत पूर्ण किंवा काही अंशी सरकारच ठेवून घेतं. मुलाच्या हाती थोडाच येतो. १९८६ च्या एका केंद्रीय दुरुस्तीमुळे साचलेली थकबाकी न्यायाधीशालाही मागे जाऊन कमी करता येत नाही. थकबाकीपायी तुरुंगात टाकता येतं, तुरुंगात कमाई नाही, आणि हप्ता चालूच. तुरुंगवासाला 'स्वेच्छेने बेकारी' धरू नये, असा केंद्रीय नियम यायला २०१६ उजाडलं.

शिवाय कोर्टाच्या वहीत फक्त रोकड चढते. फिलाडेल्फिया, चार्ल्सटन आणि ऑस्टिन या तीन शहरांतल्या ३६७ गरीब, वेगळं राहणाऱ्या बापांचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. ते डायपर, बूट, दप्तर, खाऊ अशा रूपात मुलामागे महिन्याला सरासरी साठ डॉलरच्या वस्तू देत होते. वस्तूवर बापाचं नाव राहतं, मुलाला कळतं हे कुणी आणलं. त्या भागांत एक म्हण झाली आहे: 'डेडबीट' नव्हे, 'डेडब्रोक'. बुडवा नव्हे, कफल्लक.

तुरुंगाचा विषय मुलांसमोर काढावा का?

आईबापांनी मुलाला काय सांगितलं आहे, ते आधी विचारा. बाप 'सैन्यात' किंवा 'कामावर' असतो अनेक घरांत. २०१० च्या एका मोजणीत नऊ कृष्णवर्णीय मुलांमागे एकाचा आई किंवा बाप त्या घडीला कोठडीत होता. गोऱ्या मुलांत सत्तावन्नात एक. तुमच्या यादीत अशी घरं येणारच.

'द टॉक' म्हणजे काय?

मुलगा वयात येताना बापाने किंवा आईने त्याच्याशी करायचं ते बोलणं: पोलिसांनी गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, दिसतील असे, कागद काढण्याआधी सांगून काढायचे, उलट उत्तर नाही, जिवंत घरी यायचं. संशोधनात याला वांशिक सामाजिकीकरण म्हणतात आणि त्यात भेदभावासाठी तयार करणं हा फक्त एक भाग. आपल्या इतिहासाचा, माणसांचा अभिमान देणं हा दुसरा, आणि मुलांच्या दृष्टीने तो जास्त लाभाचा असल्याचं अनेक अभ्यासांत दिसतं. हॉवर्ड स्टीव्हन्सन आणि रियाना अँडरसन या मानसशास्त्रज्ञांनी 'एम्ब्रेस' नावाचा कार्यक्रम याच बोलण्याभोवती बांधला, कारण बोलताना बापाचाच घसा दाटतो, आणि त्याचं कुणी ऐकलेलं नसतं.

परिणाम मोजलेले कार्यक्रम आहेत का?

आहेत. दोन नीट बघा. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात क्लिओपात्रा कॉल्डवेल यांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन वेगळं राहणारे बाप आणि त्यांचे आठ ते बारा वर्षांचे मुलगे यांच्यासाठी कार्यक्रम उभा केला. बाप घरात नाही, हे कबूल करून कामाला लागलेला हा कार्यक्रम आहे, म्हणून मला तो आवडतो. दुसरा जॉर्जिया विद्यापीठाचा 'प्रोसाफ': ग्रामीण जॉर्जियातली ३४६ कृष्णवर्णीय जोडपी, घरी जाऊन सहा सत्रं, नवराबायकोचं नातं आणि मुलांचं संगोपन एकत्र धरून. लोकांनी क्लिनिकमध्ये यावं अशी अपेक्षाच ठेवली नाही.

म्हणजे बाप घरात नसला तरी काही बिघडत नाही?

असं मी म्हटलेलं नाही. एका पालकाच्या घरात वाढलेल्या मुलांना शाळेत आणि पुढे नोकरीत अडचणी जास्त येतात, हे मॅक्लॅनहन यांनीच १९९४ मध्ये मांडलं; त्यातला साधारण निम्मा फरक पैशाच्या चणचणीमुळे, हेही त्यांनीच. उरलेला निम्मा हवेत विरत नाही.

पण २०१८ मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी लाखो नोंदींतून एक गोष्ट काढली, ती मला अजून चाळवते. ज्या वस्तीत कृष्णवर्णीय बाप जास्त संख्येने घरांत आहेत, तिथले कृष्णवर्णीय मुलगे पुढे जास्त कमावतात, मग त्या मुलाचा स्वतःचा बाप घरी असो वा नसो. शेजारच्या ओट्यावर संध्याकाळी बसणारे चार बाप पाचव्याच्या मुलालाही पुरतात असं दिसतं. एकेका कुटुंबाला खोलीत बसवून काम करणाऱ्या आम्हा लोकांना हे थोडं झोंबणारं आहे.

संशोधनात तुम्हाला काय खटकतं?

बापाबद्दलची माहिती आईकडून घेतात. घटस्फोटित मराठी जोडप्यातल्या एकाला दुसऱ्याबद्दल फॉर्म भरायला द्या आणि काय येतं बघा. शिवाय गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाची तुलना मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबाशी, आणि मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय बाप अभ्यासात अभावानेच. समलिंगी बाप त्याहून कमी. हल्ली 'बलस्थानं' हा शब्दही अती झाला आहे. आजी भक्कम आहे म्हणून तिच्यावर चौथं नातवंड टाकायचं, हे बलस्थान नव्हे. तिचे गुडघे विचारा.

मराठी माणसाचा याच्याशी काय संबंध?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. हे झालं मोठ्या माणसांचं.

लहान माणसांचं म्हणाल तर माझे आजोबा गिरणीत होते. बायको-मुलं कोकणात, ते परळच्या खोलीत दहा जणांबरोबर. गणपती आणि शिमग्याला घरी. मनिऑर्डर दर महिन्याला. माझ्या वडिलांना कुणी 'बाप नसलेला मुलगा' म्हटलं नाही. चाकरमान्याचा मुलगा म्हणाले.

मी भारतीय. ही कुटुंबं मला त्यांच्यात घेतील का?

लगेच नाही. तुमच्या लोकांची दुकानं त्यांच्या वस्तीत असतील, आणि तिथे त्यांच्यामागे कुणी फिरलेलं असेल. तो विषय निघाला तर दुकानदाराची बाजू घेऊ नका.

घरी भेटीला जाताना काय न्यावं?

काही नाही. फॉर्म गाडीत ठेवा. केक पुढे केला तर खा, डाएट सांगू नका.